पिवळीतून मार्कंड्याला, हिरवीतून परत

मी चंद्रपुरात बायकांना गाडी चालवायला शिकवते. माझी गाडी छोटी आणि पांढरी. पांढरी आपली म्हणायची सवय म्हणून, एरवी कोळशाच्या धुळीनं ती कधीच राखाडी झाली आहे. तिच्यात माझ्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक आहेत. शिकणारी उजवीकडे बसते, मी डावीकडे, आणि माझा उजवा पाय दिवसभर त्या जास्तीच्या ब्रेकवर तरंगत असतो. घरी टीव्ही बघतानाही तो तसाच तरंगतो, असं माझा नवरा म्हणतो. नवरा खाणीत डंपर चालवतो. डंपर म्हणजे चाकांवरचं दुमजली घर, चढायला शिडी लागते. त्यामुळे आमच्या घरात गाड्यांवर बोलणं खूप होतं, पण ते टायर, क्लचप्लेट आणि पंक्चर यांच्या पलीकडे कधी गेलं नव्हतं.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन गाड्या येऊन थांबल्या. पुढे यायला त्यांना वाव नव्हता. गटारावरच्या फरशीला त्यांचं पोट घासलं असतं. एक पिवळी, बहाव्याच्या फुलासारखी, इतकी बुटकी की तिच्यावरून पलीकडचं किराणा दुकान सबंध दिसत होतं. दुसरी गडद हिरवी, सागाचं जून झालेलं पान असतं तशी, लांब नाकाची. पिवळीतून एक मुलगी उतरली. उतरली म्हणजे आधी पाय बाहेर आले, मग गुडघे, मग ती.

"मॅडम, ओळखलं काय?"

ओळखायला क्षण लागला. कॉलेजात असताना ही माझ्याकडे शिकायला यायची. बुद्धविहाराच्या मागच्या मैदानात तिची गाडी छान चालायची, पण रस्त्यावर समोरून कोळशाचा ट्रक आला की ही चक्क डोळे मिटायची. स्टिअरिंग धरलेलं, गाडी चालू, आणि डोळे मिटलेले. माझ्या बाजूचा ब्रेक त्या दिवसांत जितका वापरला गेला तितका पुढे कधी गेला नाही. तीच ही. आता पुण्यात राहते आणि नव्या गाड्या चालवून बघून, त्या कशा आहेत ते लोकांना व्हिडिओतून सांगते. त्याचा तिला पगार मिळतो.

"काऊन नाई ओळखणार?" मी म्हणाले. "डोळे उघडे ठेवून आली ना पण?"

ती हसली. हिरवीतून तिचा सहकारी उतरला, पुण्याचा, घामानं पार भिजलेला. दोन्ही गाड्या खूप ताकदीच्या, एकमेकींच्या तोडीच्या. त्यांची तुलना करायची होती. उन्हात कोणती कशी वागते ते बघायचं म्हटल्यावर तिनं चंद्रपूर सुचवलं होतं. यंत्राचं सगळं मोजून झालं होतं. अडलं होतं ते भलत्याच ठिकाणी. बाजूला बसणाऱ्या माणसाला कोणत्या गाडीत बरं वाटतं, यावर दोघांचं जमत नव्हतं.

"मॅडम, आमचे अंग आता सरावले," ती म्हणाली. "आम्हाले काई कळून नाई राह्यलं. तुमी उद्या दोन्हीत बसा. जातानी पिवळी, येतानी हिरवी. चालवणारी मीच, म्हणजे फरक गाडीचाच पडन. नदीकाठच्या देवळांले, मार्कंड्याले जाऊन येऊ."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो गल्लीत उभा राहून पिवळीभोवती फिरत होता. तिच्या टपावर त्याचा हात सहज टेकला, कमरेच्या उंचीवर. "तुमी पण चला ना भाऊ," ती त्याला म्हणाली.

"मले बसता येईन वो," तो गंभीरपणे म्हणाला, "पण उतरवाले क्रेन लागन."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो. पिवळीत बसणं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसणं. पाय पुढे लांब, पाठ मागे कलती, आणि इंजिन पाठीमागे, सीटच्या अगदी लगत. तिनं बटण दाबलं तेव्हा माझ्या मणक्यातूनच कोणी तरी गुरगुरलं असं मला वाटलं. शहरातून बाहेर पडेपर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकरपाशी ती आणखी एक बटण दाबायची आणि गाडीचं नाक हलकेच वर उचललं जायचं, ओलांडून झालं की पुन्हा खाली बसायचं.

मूल गावच्या रस्त्याला लागलो आणि जंगल सुरू झालं. इथं जनावरं रस्ता ओलांडतात, त्यामुळे ती अगदी हळू चालवत होती. तिनं हळू चालवलं याचा मला मनातून अभिमान वाटला. पानगळ होऊन गेलेली. सागाची झाडं नुसत्या काठ्यांसारखी उभी होती, खाली वाळलेल्या पानांचा तपकिरी गालिचा, आणि त्यात मधूनच मोहाची झाडं. काच थोडी खाली केल्यावर मोहफुलांचा वास आत आला, गोड, जड, डोक्यात चढणारा. एवढ्या खालून मी हे जंगल कधीच बघितलं नव्हतं. एरवी आपण जीपमधून, बसमधून खाली बघतो. इथं माझे डोळे जवळपास पानांच्या उंचीवर होते. रस्त्याच्या कडेचं वारूळ माझ्यापेक्षा उंच होतं. मैलाचा दगड सरळ माझ्याकडे बघत गेला.

मग तिनं हात वर केला आणि गाडी थांबवली. डावीकडे, मोहाच्या झाडाखाली, एक अस्वल पडलेली फुलं खात होतं. मागं हिरवीही थांबली. अस्वलानं मान वर केली. त्याच्या ओठांना एक पिवळट फूल चिकटलेलं होतं. ते बसलेलं आणि आम्हीही तशाच खाली बसलेल्या, त्यामुळे त्याचे डोळे आणि माझे डोळे अगदी एका पातळीवर आले. भीती वाटायला हवी होती. पण मला वाटलं की शेजारचं कोणी अंगणात बसून नाश्ता करतंय आणि आपण फाटकातून डोकावलोय. त्यानं आमच्याकडे बघितलं, काही विशेष नाही असं ठरवलं, आणि पुन्हा फुलांकडे वळलं. आम्ही दोघी किती वेळ थांबलो कोण जाणे. मग ती कुजबुजली, "जाऊ काय?" आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली.

मूल मागे पडलं, जंगल सरलं, धानाच्या रिकाम्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, सुरू झाल्या. पुढे एका सरळ, मोकळ्या तुकड्यावर ती म्हणाली, "मॅडम, थोडं दाखवते." तिनं पाय दाबला. इंजिनाची गुरगुर किंकाळी झाली, माझी पाठ सीटमध्ये रुतली, आणि दोन्हीकडची शेतं ओल्या चित्रावर हात फिरवावा तशी फराटली. रस्त्यातला बारीक खडासुद्धा मला कळत होता. डांबराचा जोड आला की तो पायातून दातांपर्यंत पोचायचा. या गाडीला काही लपवायचंच नव्हतं. आणि माझा उजवा पाय! तो समोरच्या पत्र्यावर असा दाबून बसला होता की मांडी भरून आली. तिथं ब्रेक नव्हता, हे पायाला कोण सांगणार.

"हळू, हळू!" मी ओरडले.

तिनं लगेच वेग उतरवला. "भेव लागलं काय?"

"भेव नाई. पण मले काम लागून राह्यलं," मी म्हणाले. आणि ते खरं होतं. मी बसले नव्हते, मी गाडी चालवत होते, फक्त माझ्याकडे काही साधन नव्हतं.

मार्कंड्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. देवळांचे दगड तापायला लागले होते. वैनगंगा उन्हाळ्यातली, वाळूच जास्त आणि पाण्याची निळी पट्टी पलीकडच्या काठाला सरकलेली. ते दोघं गाड्यांचं चित्रीकरण करत राहिले. मी वाळूत उतरून टरबूज घेतलं आणि सावलीला बसून खाल्लं. परत आले तर गाड्यांभोवती गर्दी. एक म्हातारी बाई पिवळीच्या काचेला नाक लावून आत बघत होती.

"दोनच जागा?" तिनं मला विचारलं.

"हो बाई. दोनच."

"मंग घरचे बाकीचे कुठी बसतात?"

पुण्याच्या सहकाऱ्यानं तिला हिरवीचं दार उघडून मागच्या दोन छोट्या जागा दाखवल्या. तिनं त्या हातानं चाचपून बघितल्या आणि मान डोलावली. "ही बरी," ती म्हणाली.

परतीला आम्ही दोघी हिरवीत. हिचं इंजिन पुढे, त्या लांब नाकात. सांगतात की ताकद पिवळीपेक्षा हिचीच जास्त. पण ती बोलायची ती पोटातून, खालच्या पट्टीत. सीट रुंद होती. दार लागलं तसा बाहेरचा आवाज कोणी तरी दुसऱ्या गावाला नेऊन ठेवल्यासारखा झाला. हरणघाटच्या बाजूनं नदी ओलांडली. पुलावरचे जोड मी मोजायला लागले, एक, दोन, आणि पुढचे मला कळलेच नाहीत. गाडी ते गिळत होती. खड्डा दिसायचा, मी सवयीनं अंग चोरायची, आणि खड्डा येऊन गेलेला असायचा.

ती काहीतरी सांगत होती, पुण्यातल्या भाड्याच्या खोलीबद्दल, आईला तिकडं करमत नाही त्याबद्दल. मी हं हं करत होते. समोर रस्त्यावर पाणी चमकत होतं. जवळ गेलं की सरकायचं आणि आणखी पुढे जाऊन साचायचं. पळसाची शेवटची फुलं कुठं कुठं उरली होती. तिचा आवाज हळूहळू गाडीच्या आवाजात मिसळला.

मला स्वप्न पडलं. माझी पांढरी छोटी गाडी वाळूतून चालली होती आणि तिच्यात कोणीच नव्हतं. ना शिकणारी, ना मी. मी काठावर उभी होते, हातात टरबुजाची फोड. गाडी वळत होती, गिअर बदलत होती, पाण्याच्या कडेकडेनं जात होती, आणि मला तिच्यामागे धावावंसं वाटत नव्हतं. एवढंच मला आठवतं, की धावावंसं वाटत नव्हतं. मग वाळूही चालू लागली, नदीही, आणि सगळं एकाच सावकाश वेगानं उत्तरेकडे निघालं. त्या अस्वलासारखं कोणीतरी पाण्यात बसून तोंड धूत होतं.

जाग आली तेव्हा गाडी एका मोठ्या चिंचेखाली उभी होती. इंजिन चालू, गार हवा चालू. ती शांतपणे समोर बघत बसली होती. मूल गाव जवळ आलं होतं.

"काऊन थांबली?" मी ओठ पुसत विचारलं.

"तुमी झोपल्या होत्या ना. गावात हॉर्न वाजतात. म्हटलं, होऊ द्या तुमची झोप."

मी चांगलीच ओशाळले. एवढ्या लांबून ही मुलगी गाड्या घेऊन आलेली, माझं मत हवं म्हणून मला नेलेलं, आणि मी अर्धा रस्ता झोपेत पार केला. "मले या गाडीचं काईच सांगता नाई येणार," मी म्हणाले. "मी पाहिलंच नाई."

ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते. आधी मला वाटलं, उन्हानं. "मॅडम," ती म्हणाली, "तुमी माझ्या बाजूले बसून झोपल्या."

तेव्हा कुठं ते माझ्या ध्यानात आलं. इतक्या वर्षांत मी गाडीत कुणाच्याच शेजारी झोपले नव्हते. नवरा चालवत असला तरी नाही. आणि झोपले कुणाशेजारी, तर जी ट्रक बघून डोळे मिटायची तिच्या. मी माझ्या पायाकडे बघितलं. तो चपलेतून निघून, मुडपून, दुसऱ्या पायाखाली जाऊन बसला होता. मला तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. पण गाडी रुंद होती, हात पोचला तो खांद्यापर्यंतच. तिथंच थोपटलं.

मूलला चहा घेताना तिनं नवंच काढलं. "आता तुमी पिवळी चालवा. इथून घरापर्यंत."

तिचा सहकारी दचकला. "अगं, गाडी आपली नाहीये," तो म्हणाला. "काही झालं तर?"

"मले ज्यांनी शिकवलं त्या आहेत ह्या."

"म्हणूनच भीती वाटते," तो म्हणाला, आणि तिघंही हसलो. त्यानं माझं लायसन्स मागून घेतलं, उलटसुलट बघितलं, मग पुण्याला कुणाला तरी फोन लावला आणि झाडाखाली बराच वेळ बोलत राहिला. परत येऊन म्हणाला, "चालेल. पण मी शेजारी बसणार."

भर दुपार होती. जंगलातून मी ती गाडी बैलगाडीपेक्षा थोडी बरी एवढ्याच वेगानं नेली. नियमच तसा होता आणि मी नियम शिकवते. पण सकाळी जी मला हाडात टोचत होती ती हीच गाडी होती यावर विश्वास बसेना. स्टिअरिंग हातात आल्यावर तिचं सगळं बोलणं मला समजायला लागलं. डांबर कुठं मऊ झालंय, कुठं कडेला वाळू आलीय, पुढचं चाक कशावरून गेलं, ते तळव्यांना कळत होतं. मी वळायचं मनात आणलं की ती वळलेली असायची. ऊन इतकं पांढरं की सागाच्या काठ्यांना सावलीच नव्हती. रस्त्यावर पाणी, पाण्यात उलटी झाडं, आणि आम्ही त्या पाण्यात शिरतोय, शिरतोय, आणि ओले होत नाही. समोर कोणी नाही, मागं हिरवी. मला कोणाला काही सांगायचं नव्हतं. आरसा बघ, क्लच सोड, घाबरू नको, यातलं एकही वाक्य तोंडात नव्हतं. बोलायची सवय असलेलं तोंड रिकामं राहिलं की त्यात काय काय येतं! मी गुणगुणत होते असं नंतर मला त्यानंच सांगितलं.

मध्येच शेजारी बघितलं तर पुण्याच्या माणसाचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर घट्ट दाबलेला. "दुखतो ना?" मी विचारलं. तो लाजून हसला आणि पाय मागे घेतला. लोहारा गाव येईपर्यंत पाय पुन्हा जागेवर गेला होता.

गल्लीच्या तोंडाशी नवरा ड्युटीवरून येऊन उभाच होता. मी उतरले, आधी पाय, मग गुडघे, मग मी. "मंग?" तो म्हणाला. "कोणती चांगली?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "बसायची असन तर हिरवी. चालवायची असन तर पिवळी."

"एकच सांगा ना जी," ती म्हणाली. "आम्हाले एकच सांगावं लागते."

मी विचार केला. "तुझ्या आईले घेऊन जायचं असन तर हिरवी," मी म्हणाले.

पुढच्या महिन्यात तिचा व्हिडिओ आला. नवरा आणि मी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून बघितला. निकाल पिवळीच्या बाजूनं लागला होता. वेग, वळण, ब्रेक, उन्हात इंजिन किती तापलं, सगळ्यात ती थोडी थोडी पुढे. हिरवीबद्दल बोलताना मात्र ती म्हणाली की हिच्यात माझ्या बाई झोपल्या, आणि त्यापुढे मला आकडे सांगता येत नाहीत. नवऱ्यानं तेवढा भाग मागं नेऊन पुन्हा लावला. "तू माझ्यासंग काऊन नाई झोपत मंग गाडीत?" तो विचारत राहिला. मी म्हटलं, तुमचा हात डंपरवरचा, तुमाले रिक्षा दिसत नाई.

हे झाल्यानंतर मला एक खोड लागली. शिकवणं नसलेल्या एखाद्या रविवारी मी पांढरी गाडी काढते आणि एकटीच जाते. आधी जवळपास गेले, मग गडचांदूरच्या बाजूला, तिकडं सिमेंटच्या धुळीनं गाडी पुन्हा पांढरी होऊन आली. हिवाळा लागल्यावर एकदा मध्यरात्र उलटताच निघून आष्टी, आलापल्ली करत थेट सिरोंच्यापर्यंत गेले. आलापल्लीच्या पुढे रस्ता उखडलेला, जंगल दाट आणि माझ्या गाडीला ना नाक उचलायचं बटण ना खड्डे गिळायचं पोट. ती आपली खडखडत, तक्रार करत चालली. धुकं होतं. झाडांची टोकं तेवढी वर तरंगत होती आणि खाली आम्ही दोघी.

सिरोंच्याला प्राणहितेच्या काठावर एका टपरीशी थांबले. टपरीवाल्या बाईनं आधी तेलुगूत काही विचारलं, मला कळलं नाही, मग मराठीत विचारलं. गाडीवरची शिकाऊ गाडीची पाटी तिनं वाचली होती. आत कोणीच नाही हे बघून ती गोंधळली.

"कोणाले शिकवाले आणलं इतक्या दूर?"

"कोणाले नाई," मी म्हणाले. "मीच आली, फिरवाले."

तिनं मला नीट निरखलं, मग बाकावरची तिची पिशवी उचलून जागा करून दिली. चहा गोड होता, त्यात आलं खूप होतं. नदीवरचं धुकं उठायला अजून वेळ होता, आणि पलीकडचा तेलंगणाचा काठ दिसत नव्हता. मी म्हटलं, दिसेपर्यंत बसू.